नवा खोंड पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाहीत



रब्बीची पेरणी उरकली, की गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे एक निराळीच वर्दळ सुरू होते. अजून तांबडेही फुटलेले नसते. अंगात बनियन, गळ्याला उपरणे, पायात कुठले तरी बूट घालून गावची पोरे धावत निघालेली असतात. आता पोरीही निघतात, ही फार चांगली गोष्ट झाली. कुणाला पोलिसात जायचे असते, कुणाला सैन्यात. घरची शेती दोन-तीन एकर, पाऊस आपल्या हातात नाही. त्यामुळे त्या धावण्यावर साऱ्या घराची आशा लागलेली असते.

पण या चित्राचा पुढचा भागही तुम्ही पाहिला असेल. पहिल्या दिवशी पोरगा मित्रांच्या ईर्षेने फाट्यापर्यंत धावून येतो. घामाने न्हालेला असतो, पण चेहरा खुललेला असतो. दुसऱ्या दिवशी उठताना कण्हतो. तिसऱ्या दिवशी त्याला जेवायला मांडी घालून बसता येत नाही, ओट्यावरून उतरताना भिंतीचा आधार लागतो. आजी म्हणते, ‘नजर लागली.’ आई पाय चेपून देते. वडील म्हणतात, ‘तुझ्याच्याने काही व्हायचे नाही, चल बारे धरायला.’ आणि आठ दिवसांत ते धावणे बंद पडते. पोरगा नालायक नसतो. त्याच्या पायांना वेळ दिलेला नसतो, एवढेच.

म्हणून आज पाय आंबतात कशाने आणि ते आंबू नयेत म्हणून काय करावे, याविषयी थोडे सविस्तर बोलू.

पाय आंबतात म्हणजे काय होते?

आपल्याकडे ‘पाय आंबले’ हा शब्द पूर्वापार आहे. त्यावरून आणि थोडे ऐकीव ज्ञान जोडून पुष्कळांची समजूत झाली आहे, की धावल्यावर पायात एक आम्ल साचते आणि ते आत राहिल्यामुळे दुसऱ्या दिवशी पाय दुखतात. खेळ शिकवणारी जुनी मंडळीही असेच सांगत. ही समजूत आता मागे पडली आहे. जोराने धावताना स्नायूंत लॅक्टिक आम्ल तयार होते हे खरे. परंतु धावणे थांबल्यावर साधारण तासाभरात त्याचा निचरा होऊन जातो. दुखणे तर दुसऱ्या दिवशी येते. निघून गेलेल्या पाहुण्यावर चोरीचा आळ कसा घालावा?

खरे कारण वेगळे आहे. स्नायू हा सुतळीसारखा असतो, असंख्य बारीक तंतूंचा बनलेला. त्याला सवयीपेक्षा एकदम जास्त ओढ बसली, की काही तंतूंना सूक्ष्म इजा होते. मग शरीर दुरुस्तीचे काम हाती घेते. त्या जागी थोडी सूज येते, स्नायू ताठरतो आणि हात लावला तरी दुखतो. ही दुरुस्ती सावकाश चालते, म्हणून दुखणेही उशिरा येते. धावल्यावर बारा ते चोवीस तासांनी ते जाणवू लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि पाच ते सात दिवसांत बहुधा आपोआप निवते.

आता एक गंमत पाहा. चढणीची गाडी ओढताना बैल दमतात, हे आपण पाहतो. पण उतारावर गाडी आवरताना त्यांच्यावर जो ताण येतो, तो जाणता गाडीवानच ओळखतो. गाडी पुढे लोटत असते आणि बैल पाय रोवून तिला मागे धरत असतात. आपल्या मांडीचेही तसेच आहे. पाऊल जमिनीवर पडते, तेव्हा अंगाचा भार खाली येतो आणि मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच तो भार आवरून धरतो. ही ‘आवरून धरण्याची’ मेहनत तंतूंना सर्वांत जास्त दुखावते. जेजुरीचा गड किंवा सप्तशृंगीच्या पायऱ्या चढताना दम लागतो. पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, त्या बऱ्याच अंशी उतरण्याने. चढ दमवतो आणि उतार आंबवतो, हे ध्यानात ठेवावे.

शरीर धडा विसरत नाही

आता आनंदाची बाजू सांगतो. एकदा बेताचा ताण पडून स्नायू दुरुस्त झाला, की तो पहिल्यापेक्षा शहाणा होतो. तेवढाच ताण पुन्हा दिला, तर दुखणे पुष्कळ कमी होते आणि हा गुण काही आठवडे टिकतो. तुमच्या रोजच्या अनुभवाची ही गोष्ट आहे. हंगामातली पहिली खुरपणी झाली, की कंबर आणि मांड्या धरतात. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच बाया दिवसभर खुरपून संध्याकाळी हसत घरी येतात. काम तेच, बाई तीच. अंगाला सवय झाली.

म्हणजे पाय आंबू नयेत यासाठी औषध एकच: सुरुवात थोडक्यात करावी आणि वाढ सावकाश करावी. नव्या खोंडाला आपण पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी मानेला जू सोसू देतो, मोकळे लाकूड ओढायला लावतो, मग कुळव आणि शेवटी नांगर. घाई केली तर खांदा सुजतो आणि जनावर कायमचे बुजते. जनावराच्या बाबतीत जे शहाणपण आपण दाखवतो, तेच पोटच्या पोराच्या बाबतीत विसरू नये.

सुरुवात अशी करावी

ज्याला धावण्याची अजिबात सवय नाही, त्याच्यासाठी हा एक बेत आहे. पहिले चार आठवडे दिवसाआड, आठवड्यातून तीनच दिवस धावावे. मधला दिवस वाया जात नाही. स्नायूची दुरुस्ती त्याच दिवशी होते.

पहिला आठवडा: दहा मिनिटे भरभर चालावे. मग एक मिनिट हळू धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे सहा वेळा करावे. शेवटी पाच मिनिटे चालावे.

दुसरा आठवडा: तेच आठ वेळा करावे.

तिसरा आणि चौथा आठवडा: दोन मिनिटे धावणे, दोन मिनिटे चालणे, असे सात-आठ वेळा.

पाचवा आणि सहावा आठवडा: पाच मिनिटे धावणे, दोन मिनिटे चालणे, असे चार वेळा. आता हवे तर आठवड्यातून चार दिवस करावे.

सातवा आणि आठवा आठवडा: हळूहळू सलग वीस मिनिटांपर्यंत यावे.

हे सारे धावणे इतके संथ असावे, की शेजारच्या गड्याशी बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त झाला, असे समजावे. पहिल्या आठवड्यात पोराला हा बेत पोरखेळ वाटेल. मित्र हसतील. हसू द्यावे. तिसऱ्या आठवड्यात कोण रस्त्यावर आहे आणि कोण घरी पाय धरून बसले आहे, ते पाहावे.

आठ आठवडे झाल्यावर वेगाकडे वळावे. आठवड्यातून एकच दिवस दोनशे मीटर जोरात धावावे आणि चालत परत यावे, असे चार वेळा. पुढे दर आठवड्याला एक-दोन फेऱ्या वाढवाव्या. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. अंतर वाढवले त्या आठवड्यात वेग वाढवू नये आणि वेग वाढवला त्या आठवड्यात टेकडी धरू नये. उताराचे धावणे तर सर्वांत शेवटी आणि थोडेच करावे.

हिशोब मांडला, तर तयारीला तीन-चार महिने हवेत. राज्य पोलीस शिपायाच्या अलीकडच्या भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. नियम बदलत असतात, म्हणून प्रत्येक वेळी जाहिरात नीट वाचावी. पण जाहिरात निघाल्यावर धावू लागणे म्हणजे मृगाचा पाऊस पडल्यावर नांगरट काढण्यासारखे आहे. रान आधी तयार असावे लागते.

धावण्यापूर्वी आणि धावल्यावर

अंथरुणातून उठून थेट धावत सुटू नये. आधी पाच-दहा मिनिटे भरभर चालावे. मग जागच्या जागी गुडघे वर उचलावे, आधार धरून पाय पुढे-मागे झुलवावे, घोटे फिरवावे आणि शे-पन्नास पावले हळू धावावे. अंग गरम झाले, की मग धावण्यास लागावे. धावणे संपल्यावरही मटकन खाली बसू नये. पाच-दहा मिनिटे चालत राहावे, म्हणजे श्वास आणि छातीची धडधड सावकाश जागेवर येते.

अंग ताणण्याविषयी एक खरी गोष्ट सांगतो. आधी किंवा नंतर पाय ताणले की आंबत नाहीत, असे पुष्कळ जण सांगतात. २०११ साली बारा प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. दुखणे शंभरच्या मापावर मोजले, तर ताणण्याने सरासरी फार तर चार गुणांचा फरक पडतो, बहुतेक प्रयोगांत त्याहूनही कमी, असे त्यात दिसले. ताणून बरे वाटते, सांधे मोकळे राहतात, म्हणून धावल्यावर हळुवार जरूर ताणावे. पण पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर धावून मग पाय ताणले, तर ते आंबायचे राहणार नाहीत.

जमिनीकडेही लक्ष द्यावे. सपाट पाऊलवाट किंवा शाळेचे मैदान उत्तम. नांगरटीत किंवा अरुंद बांधावर धावू नये, पाय मुरगळतो. डांबरी रस्त्याला पुष्कळदा बाजूला उतार असतो, त्यामुळे रोज एकाच कडेने धावले तर एका पायावर भार जास्त येतो. बूट महागडे नसले तरी चालतील, पण मापाचे असावे आणि तळ झिजून गेलेला नसावा. बूट सोडून एकदम अनवाणी धावायला लागले, तर पोटऱ्या धरतात. चाचणीच्या दिवशी कोरे बूट घालू नयेत.

पोटाची तयारी

दुरुस्तीला माल लागतो. भिंत पडली तर माती-दगड हवेत, तसे स्नायूला अन्न हवे. त्यासाठी डब्यातली विकतची भुकटी आणलीच पाहिजे, असे नाही. धावून आल्यावर तास-दोन तासांत पोटभर न्याहारी करावी. भाकरी, मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, दूध किंवा ताक, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. खात असाल तर दोन अंडी. एवढे घरात असले, की निम्मे काम झाले. नुसत्या चहा-चपातीवर किंवा चहा-खारीवर दौड होत नाही.

पाणी दिवसभर प्यावे. लघवी फिकट पिवळी असावी. गडद झाली तर पाणी कमी पडले, असे समजावे. फार घाम गेला असेल, तर चिमूटभर मीठ, थोडी साखर आणि लिंबू घातलेले पाणी प्यावे. झोप सात-आठ तास हवी. पहाटे पाचला उठायचे असेल, तर रात्री अकरापर्यंत मोबाईल पाहत बसून चालणार नाही.

घरच्या मंडळींनो, तुमच्यासाठी

आता एक गोष्ट खास आई-वडिलांना सांगायची आहे. पाय धावण्याचा आणि शेतकामाचा वेगळा हिशोब ठेवत नाहीत. पहाटे धावून आलेला पोरगा दिवसभर उसाच्या मोळ्या उचलत असेल, तर त्याची ओझी दोन झाली. पोरीचे तर याहून अवघड. ती धावून येते, पाणी भरते, भाकऱ्या थापते, मग खुरपायला जाते आणि परत येऊन भांडी घासते. भाऊ धावून आल्यावर पाय पसरून बसतो आणि बहीण धावून आल्यावर चूल पेटवते. मग तिचे पाय जास्त दुखले, तर ‘मुलीची जात, झेपायचे नाही’ असे म्हणणे कितपत रास्त? ज्या दिवशी जोराचे धावणे असेल, त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे काम थोडे वाटून घ्यावे. त्यात भावानेही हात लावावा. मुलगी सारखी थकत असेल, फिकी दिसत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. रक्त कमी असेल तर नुसत्या सरावाने दम वाढत नाही.

पाय आंबलेच तर

इतके करूनही एखाद्या दिवशी जास्त होतेच. तेव्हा घाबरू नये आणि दिवसभर निजूनही राहू नये. सपाटीवर पंधरा-वीस मिनिटे सावकाश चालावे. हलत्या पायाला लवकर आराम पडतो. कोमट पाण्याने आंघोळ करावी. तेल लावून हलक्या हाताने चोळले, तर दुखणे थोडे कमी होते. आजीचा हा उपाय खरा आहे. मात्र पायावर उभे राहून तुडवून घेणे हा उपाय नव्हे. दहा मिनिटे चालून पाय मोकळे झाले, तर त्या दिवशी हळू धावण्यास हरकत नाही. लंगडत असाल तर धावू नये.

दुकानातून दुखण्याची गोळी आणून ती खाऊन धावण्याची वाईट चाल पडली आहे. ती मोडावी. गोळीने तंतू दुरुस्त होत नाही, फक्त दुखणे झाकले जाते. शिवाय अंगातले पाणी कमी झालेले असताना अशा काही गोळ्यांनी मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. दम वाढवण्याचे इंजेक्शन म्हणून कुणी काही टोचत असेल, तर त्याच्या दारातही उभे राहू नये.

काही दुखणी मात्र साधी नसतात. आंबलेले दुखणे बहुधा दोन्ही पायांना सारखे, स्नायूभर पसरलेले असते. त्याउलट नडगीच्या हाडावर बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल आणि दर दिवशी वाढत असेल, तर हाडाला चीर गेली असण्याचा संभव असतो. धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. एकच पाय सुजला असेल, तरीही दाखवावे. पाय भयंकर दुखत आहेत, उभे राहवत नाही आणि लघवी काळ्या चहासारखी होत आहे, असे झाले तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे. स्नायू फार मोठ्या प्रमाणात मोडून त्याचा भार मूत्रपिंडावर आल्याची ती खूण असते. उद्या पाहू, असे म्हणू नये.

उन्हाचेही भान असावे. २०१४ सालच्या जून महिन्यात मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही तरुण उमेदवार दगावले. तेही कुणाच्या तरी घरचे आधार होते. धावताना चक्कर, छातीत दुखणे, अंधारी येणे यांपैकी काहीही झाले, तर थांबावे. नोकरी पुन्हा निघेल, मुलगा पुन्हा मिळायचा नाही.

शेवटच्या आठवड्याचा हिशोब

दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, हे वर सांगितले. त्याचा उपयोग इथे करावा. चाचणीच्या आदल्या दिवशी ‘एकदा वेळ लावून बघू’ म्हणून जीव तोडून धावणारा मुलगा दुखरे पाय घेऊन मैदानावर जातो. म्हणून शेवटचे जोराचे धावणे चाचणीच्या निदान पाच दिवस आधी करून टाकावे. पुढे हलके, थोडे आणि मोकळे धावावे. आदला दिवस विश्रांतीचा ठेवावा. पीक तयार झाल्यावर काढणीच्या आदल्या दिवशी कुणी खत घालत नाही.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावली. दोघांची शर्यत एकच, ३००० मीटर अडथळ्यांची. तीत दर फेरीला लाकडी अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडून उतरावे लागते. म्हणजे अंगाचा भार आवरून धरण्याची खरी परीक्षा. ही दोन्ही लेकरे दुष्काळी भागातली. असे पाय आठ दिवसांत घडत नाहीत. त्याला वर्षे लागतात. आपल्या मुलाला तर तीन-चार महिनेच द्यायचे आहेत.

तेव्हा एवढे करावे. वाचून झाल्यावर हे पान फाडून घरातल्या धावणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्यावे आणि वरचा आठ आठवड्यांचा बेत भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खुणा करून मांडून घ्यावा. तिसऱ्या दिवशी तो कण्हत उठला, तर ‘तुझ्याच्याने व्हायचे नाही’ असे न म्हणता ‘आज नुसता चालून ये’ असे म्हणावे.